पाव म्हणजे एक छेद चार

(नाना शंकरशेट यांच्या स्मृतिदिनी, ३१ जुलै रोजी, गिरगावात दिलेले व्याख्यान)



मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवले. जवळजवळ सगळी नोकरी लालबाग आणि परळ या दोन ठिकाणी झाली. नानांच्या स्मृतिदिनी बोलायला बोलावले, तेव्हा त्यांचे चरित्र सांगणारे जाणकार या गिरगावात पुष्कळ आहेत हे मला ठाऊक होते. म्हणून मी माझ्या वर्गातून सुरुवात करते.

पाचवीचा वर्ग होता. फळ्यावर मी तीन छेद चार अधिक एक छेद दोन असे उदाहरण लिहिले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाला उठवले. त्याची आई लालबागच्या मसाला गल्लीत डंकावर कामाला होती. एप्रिल-मे महिन्यांत तिथे किती गर्दी असते हे तुम्हाला माहीत आहे. भाजलेल्या मिरचीचा खकाणा, बायकांच्या रांगा, प्रत्येकीचे प्रमाण वेगळे. हा मुलगा संध्याकाळी आईजवळ बसून कुणाची किती मिरची, किती धणे, किती हळकुंडे याचा हिशेब ठेवायचा. फळ्यापुढे मात्र तो नुसता उभा राहिला. मी पुन्हा वाचून दाखवले, "तीन छेद चार, अधिक एक छेद दोन." काही नाही. मग काय सुचले कोण जाणे, मी विचारले, "पाऊण किलो धणे आणि अर्धा किलो खोबरे एका पिशवीत भरले तर पिशवी किती किलोची?" श्वास घ्यायच्या आत उत्तर आले, "सव्वा." आणि मग त्याने मला विचारले, "बाई, तीन छेद चार म्हणजे पाऊणच का?"

तोवर मला शिकवायला लागून अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षांत मी अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, सममूल्य अपूर्णांक, लसावि, सगळे शिकवले होते. पण फळ्यावरचा तीन छेद चार आणि लालबागच्या तराजूतला पाऊण ही एकच वस्तू आहे, हे त्या मुलांना तोंडाने सांगितले नव्हते. मी धरून चालले होते की त्यांना ते कळते. त्या मुलाला गणित येत होते. त्याच्या गणिताला शाळेत कोणत्या नावाने हाक मारतात, तेवढे त्याला माहीत नव्हते.

आज मला जे सांगायचे आहे ते एवढ्याभोवतीच आहे. सहा ते चौदा या वयात मुलाने काय शिकायचे, याचे उत्तर वेळापत्रकात लिहिलेले असते. पहिली-दुसरीला मातृभाषा, गणित आणि इंग्रजी. तिसरीपासून परिसर अभ्यास, पाचवीपासून हिंदी. सहावीला परिसर अभ्यासाचे तुकडे होऊन सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असे वेगळे विषय होतात. प्रत्येकाच्या तासिका ठरलेल्या, प्रत्येकाचा पोर्शन ठरलेला. आम्ही शिक्षक तो पोर्शन पुरा करण्यात वर्ष घालवतो. पण प्रत्येक विषय मुलापुढे पहिल्यांदा येतो तो भाषा होऊन. भाषेच्या तासाला भाषा असतेच, पण गणिताच्या तासालाही असते, आणि बहुतेक मुले अडखळतात ती तिथेच.

आता नानांकडे येते. १८४० मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि नाना त्याचे सदस्य झाले. पुढे त्या मंडळाचे अध्यक्ष झाले सर आर्स्किन पेरी, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती. पेरीसाहेबांचे म्हणणे असे की वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि सरकारचा पैसा तिकडे वळवावा. नाना आणि मंडळातले कर्नल जर्व्हिस यांनी त्याला विरोध केला. हा वाद १८४७ च्या सुमाराला ऐन भरात होता. देशी सदस्य देशी भाषांच्या बाजूला उभे राहिले आणि त्यात नाना पुढे होते. ही गोष्ट सांगताना लोक नानांना इंग्रजीचा विरोधक ठरवतात, ते बरोबर नाही. एल्फिन्स्टन संस्थेतल्या इंग्रजी शिक्षणासाठी झटलेला हा माणूस होता. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्तीही त्यांच्याच नावाची. त्यांचा मुद्दा साधा होता. थोड्यांना उत्तम इंग्रजी येईल, पण लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे असेल तर ते लोकांच्या भाषेतूनच पोचेल.

आणि ते नुसते म्हणणे नव्हते, त्यामागे काम उभे होते. जर्व्हिसनी पंडितांना हाताशी धरून हटनचे गणिताचे इंग्रजी पुस्तक मराठीत आणले होते. बाळशास्त्री जांभेकरांनी शून्यलब्धिगणितावर, म्हणजे आज आपण ज्याला कॅल्क्युलस म्हणतो त्यावर, मराठीत पुस्तक लिहिले. बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्याही आत होते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे. म्हणजे कोणत्या विषयाला मराठीत काय म्हणायचे, हे या शहरात, या गिरगाव-काळबादेवीच्या आसपास बसून ठरवले गेले.

शब्द ठरवताना त्या मंडळींपुढे दोन साठे होते. एक शास्त्र्यांचा. अंश, छेद, कोन, त्रैराशिक हे शब्द भास्कराचार्यांच्या परंपरेतून आलेले. दुसरा साठा बाजाराचा आणि पंतोजींच्या शाळेचा. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट. औट म्हणजे साडेतीन. माझ्या आजीच्या पिढीपर्यंत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून पाठ करत. वाण्याच्या पोराला अपूर्णांकांचा गुणाकार असा तोंडी यायचा की आज आपण तोंडात बोट घालावे.

इथे मी लगेच एक गोष्ट सांगते, नाहीतर मी जुन्या शाळेचे गुणगान करते आहे असे वाटेल. पंतोजींच्या शाळेत भूगोल नव्हता, इतिहास नव्हता, विज्ञान तर नव्हतेच. मुली नव्हत्या, आणि ज्यांना गावाबाहेर ठेवले होते त्यांची मुले नव्हती. साताचा पाढा पाठ करताना सात पंचे पस्तीस का, हे कुणी विचारत नसे. ती शाळा बंद झाली हे चांगलेच झाले. १८४९ मध्ये विद्यार्थ्यांच्या साहित्य आणि विज्ञान सभेने मुलींची शाळा काढली, तेव्हा नानांनी तिला आपल्या वाड्यात जागा दिली. त्या शाळेत मुलगी बसली, हेच मोठे होते. मी बाई म्हणून वर्गात उभी राहिले, त्याची सुरुवात तिथे आहे.

पण शाळा बदलताना एक साठा बाजूला पडला. पुस्तकात शास्त्र्यांची मराठी राहिली आणि बाजाराची मराठी गल्लीत राहिली. दुसरी-तिसरीच्या पुस्तकात पाव, अर्धा, पाऊण येतात, नाही असे नाही. पण वरच्या इयत्तेत अंश आणि छेद सुरू झाले की ते मागे पडतात, आणि मुलाला वाटते हा नवाच विषय आहे. या दोघींची गाठ घालून देणे हे शिक्षकाचे काम. पुस्तक ते करू शकत नाही, कारण पुस्तकाला मुलाची आई काय काम करते हे माहीत नसते.

असाच प्रश्न २०१९ च्या जूनमध्ये सगळ्या महाराष्ट्रापुढे आला होता. तेव्हा त्याचा गाजावाजा खूप झाला आणि विचार कमी झाला. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस बरोबर 'वीस एक', त्रेसष्ट बरोबर 'साठ तीन' असे वाचन दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. वर्तमानपत्रांत, सभागृहात, चाळीच्या गॅलरीत, सगळीकडे चेष्टा झाली. मराठीचे इंग्रजीकरण चालले आहे असा आरोप झाला. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण मला दुसरीच्या वर्गातली मुले डोळ्यांपुढे दिसत होती.

त्रेपन्न ऐकल्यावर सात वर्षांचे मूल आधी तीन ऐकते आणि मग पन्नास. हात आधी तीन लिहितो. वहीवर पस्तीस उमटते. आम्ही त्याला "उलटे लिहितोस" म्हणून रागावतो. खरे तर त्याने जसे ऐकले तसेच लिहिलेले असते. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येते, म्हणून मूल तीनाने सुरुवात करते आणि एकोणचाळीस लिहून बसते. एकोणनव्वद म्हणायचे, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही, याचे उत्तर आपल्यापैकी कुणाकडे आहे? शिवाय त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव. दुसरीतल्या मुलाची जोडाक्षरे पुरती बसलेली नसतात आणि त्याला संख्या मोजायला ही जोडाक्षरे लागतात. नारळीकर बाई हेच सांगत होत्या. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये आणि तेलुगूत दशकाचा आकडा आधी म्हणतात, त्यामुळे तिथल्या मुलांपुढे हा घोळ येत नाही. त्या भाषांना इंग्रजीने बिघडवले असे कुणी म्हणत नाही.

माझे मत मी स्पष्ट सांगते. त्रेपन्न हा शब्द जाऊ नये. तो मराठीचा आहे, तो घरात आणि बाजारात बोलला जातो, आणि मुलाने तो शिकलाच पाहिजे. पण त्रेपन्नपर्यंत जाण्याचा रस्ता पन्नास तीनवरून जात असेल, तर तो रस्ता खुला ठेवायला हवा. पुस्तकात दोन्ही दिले होते. डॉ. मंगला नारळीकर २०२३ च्या जुलैमध्ये गेल्या. त्या गणिती होत्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या. तरी दुसरीच्या मुलाला त्रेपन्न कसे ऐकू येते याचा विचार करायला त्यांनी वेळ दिला. या सभागृहातून त्यांचे ऋण मानावेसे वाटते.

इथून नाना चौक चालत काही मिनिटांवर आहे. तिथल्या महापालिकेच्या शाळेत १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम सुरू झाले. आज ते केंद्र मानखुर्दला मोठ्या आवारात आहे, पण त्याचे पहिले बिऱ्हाड म्हणजे नानांच्या नावाच्या चौकातली महापालिकेची शाळा. त्याचे संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या आणि खेड्यातल्या मुलांबरोबर काम करत. विज्ञान मुलांना का समजत नाही, हे ते शोधत होते. त्यांच्या हाताला जे लागले ते भाषेचे होते. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की तेच विज्ञान त्याच मुलांना कळायला लागते. भाषेची ही अडचण सार्वत्रिक शिक्षणाच्या आड कशी येते, यावर त्यांनी १९८१ मध्ये लिहिलेही. म्हणजे आपल्या मुलांत विज्ञानाची बुद्धी कमी आहे, ही समजूत या शहरातच तपासली गेली आणि चुकीची ठरली.

आमच्या सातवी-आठवीच्या विज्ञानात बाष्पीभवन, संघनन, उत्कलनबिंदू, संप्लवन असे शब्द येतात. मी त्या शब्दांच्या विरोधात नाही. ते नेमके आहेत, आणि पुढे जायचे तर ते लागतात. पण आधी घरातला शब्द यावा. चहा आटतो, दूध आटवतात, ताकातले पाणी वर येते, तूप थंडीत थिजते. लालबागच्या मुलाला गणपतीच्या दहा दिवसांतल्या आरतीचा कापूर ओळखीचा असतो. त्याला विचारावे, कापराची डबी उघडी राहिली की कापूर कमी कसा होतो? तो वितळलेला कुणी पाहिला का? पाणी झालेले कुणी पाहिले का? मुले विचार करतात, गप्प होतात, मग एखादी म्हणते, "बाई, तो उडतो." उडतो हा शब्द आला की संप्लवन फळ्यावर लिहायचे. आधी संप्लवन लिहून व्याख्या उतरवून घेतली, तर मूल परीक्षेत व्याख्या लिहील आणि घरी कापूर का उडाला याचे नवल त्याला वाटणार नाही.

परिसर अभ्यासाचेही तसेच. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला शिवछत्रपती आणि आपले राज्य, मग देश, अशी ही वर्तुळे मोठी होत जातात. रचना चांगली आहे. पण परळची किती मुले आपण एका बेटावर राहतो हे जाणतात? मुंबईच्या सात बेटांत परळ हे एक बेट होते. मध्ये खाडी होती, ती बुजवली, म्हणून आपण आज चालत दादरला जातो. सखल भागात दर जुलैला पाणी का तुंबते, हे त्या जुन्या नकाशावर बोट ठेवून दाखवले की भूगोल एकदम जवळ येतो. विज्ञानात लस येते, तेव्हा मुलांना आचार्य दोंदे मार्गावर न्यावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, हाफकिन या शास्त्रज्ञाने लस बनवली आणि १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आहे. आमच्या शाळेतल्या मुली त्या भिंतीवरून रोज जायच्या. आत काय आहे हे विचारले तर "दवाखाना" म्हणायच्या.

इतिहासाच्या आठवीच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा आहे. लिखित, भौतिक, मौखिक. मी एका वर्षी मुलांना सांगितले, घरातले एक साधन आणा. गिरणीचा बिल्ला आला, पगाराची जुनी चिठ्ठी आली, डब्याची पिशवी आली. एका मुलीने काहीच आणले नाही. तिने आजीला विचारून लिहून आणले की १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा घरात पहिली कोणती वस्तू विकली. ती वही मी अजून विसरले नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते, हे पुस्तकात सापडते. आजीने पहिले काय विकले हे पुस्तकात सापडत नाही, आणि ते लिहिताना त्या मुलीने जी मराठी लिहिली, ती भाषेच्या पेपरात तिला कधी लिहिता आली नव्हती.

याच गिरणगावाच्या शाळेची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मुंबई महापालिकेने सक्तीचे शिक्षण सुरू केले ते १९२५ मध्ये, आणि त्यासाठी पहिले दोन वॉर्ड निवडले ते एफ आणि जी, म्हणजे परळ, दादर आणि गिरण्यांचा हा पट्टा. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा त्याच वस्तीत चालत होत्या. कामगाराचा मुलगा सातवी झाला, व्हर्नाक्युलर फायनल पास झाला, की त्याच्यासाठी शिक्षक होण्याचे दार उघडे. कवी नारायण सुर्वे या दारातून आले. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी सांभाळलेला हा मुलगा मिळेल ते काम करत वाढला, शिपायाची नोकरी करता करता शिकला आणि १९६१ मध्ये महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाला. त्यांच्या दुसऱ्या कवितासंग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ', पण फायनलच्या परीक्षेला लागणारी मराठी आणि गणित त्यांना शाळेनेच दिले.

आता माध्यमाचा प्रश्न. महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते, हे या शहराचे भूषण आहे. मराठी माध्यमाच्या वर्गांत मुले कमी होत चालली आहेत, गिरगाव-दादरच्या नावाजलेल्या शाळांमध्येही मराठी तुकड्या टिकवायला धडपड करावी लागते. इंग्रजी शाळेत मुलाला घालणाऱ्या पालकाला मी दोष देत नाही. नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते त्याने सोसलेले असते. पण लालबागच्या त्या मुलाला मी इंग्रजीतून 'थ्री बाय फोर' शिकवले असते, तर पाऊणपर्यंत पोचायला त्याला दोन पुलांवरून जावे लागले असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, जूनअखेर मागे घेतला गेला. त्या तीन महिन्यांत सहा वर्षांच्या मुलाला किती भाषा, यावर सगळे बोलले. त्याची पहिली भाषा किती खोल गेली आहे, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. इंग्रजी हवीच, लवकरही हवी. पण ज्या भाषेत मूल हिशेब करते, भांडते आणि खोटे बोलते, तिच्यावर उभे राहूनच ते दुसरी शिकते. नाना १८४७ मध्ये जे म्हणत होते, ते मला माझ्या वर्गात दर वर्षी खरे होताना दिसले.

शेवटी एक मागणे. तुमच्यापैकी बरेच जण निवृत्त आहात, सकाळी मोकळे असता. तुमच्या गल्लीजवळ महापालिकेची एक तरी शाळा आहे. मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्याचा एक तास मागून घ्या. शिकवायला जाऊ नका, आणि बक्षिसे, वह्या वाटायलाही जाऊ नका. महापालिका मुलांना दप्तरापासून बुटांपर्यंत सत्तावीस वस्तू देते. चौथी-पाचवीच्या एका मुलाजवळ बसा. त्याचे गणिताचे किंवा विज्ञानाचे पुस्तक उघडा, एक उदाहरण, एक उतारा त्याला मोठ्याने वाचू द्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा, आणि तो स्वतःच्या शब्दांत सांगेपर्यंत थांबा. त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ आमच्या एका शिक्षकाकडे चाळीस मुलांसाठी नसतो. तो तुमच्याकडे आहे.